मापाची सुतळी

दोह्यातल्या आमच्या अल सद्दच्या बिल्डिंगमधला हा रत्नागिरीकडचा क्लार्क प्रत्येक गोष्टीवर 'खलास'चा शिक्का मारायचा. एकदा सुट्टीवरून आला तो सांगतच, "मामाने त्याची रायफल मला दिली. नजर अधू झालीय. शिकार खलास."

ती जुनी विलायती रायफल अर्थात गावीच होती. दोह्यात हा फक्त तिच्या लांबीची सुतळी घेऊन आला होता. गल्फहून चपला मागवताना लोक पायाच्या मापाचा दोरा देतात, तशी. दर शुक्रवारी शिकारीच्या सामानाच्या दुकानात हा ती सुतळी काउंटरवर पसरायचा आणि अरब गिऱ्हाइकं बंदुका बघायच्या सोडून याच्याकडे बघत राहायची. त्या सुतळीला याने चामड्याचं कव्हर घेतलं आणि वर रायफलीवर बसवायची एक भारी दुर्बीणही घेतली.

मी म्हटलं, "एवढ्यात बायकोला हार आला असता."

"तिच्या गळ्याचा दोरा कुठे आणलाय?"

पुढच्या सुट्टीवरून मात्र तो गप्प गप्प परतला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "दुर्बीण बसवली आणि मामाला सहज बघायला दिली. त्याला खाडीपलीकडचा माड दिसला. मग म्हातारा रायफल खाली ठेवेचना. माझी रायफल खलास."

मी पोट धरून हसलो.

त्याच शुक्रवारी तो मला त्या दुकानात पुन्हा दिसला. रायफल खांद्याला अडकवायचा मऊ पट्टा निवडत होता. काउंटरवर एक आखूड सुतळी होती.

"आता ही कसली?"

"मामाच्या खांद्याची," तो म्हणाला. "जड आहे हो ती."