आधी आकडा, मग ऑपरेशन

नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा मी धरणगावच्या बाजारात शिलाईचं दुकान घेणार होते. अनामतीचे पैसे घरात बसून ब्लाउज शिवत शिवत जमवलेले. जळगावच्या हॉस्पिटलात खर्च विचारला, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "पेशंट ऑपरेशनला आत गेल्याशिवाय कसं सांगणार?" माझं डोकंच सणकलं. शिलाई ठरवल्याशिवाय कापडाला कात्री लावली तर गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहील का?

घाई नव्हती, ऑपरेशन महिनाभरात करा असं डॉक्टर म्हणाले होते. घरी मात्र कुणी खर्चाचं बोलेना. मला शंका आली. चहाच्या वेळी सगळ्यांना बसवून विचारलं, तेव्हा एकेक बाहेर पडलं. सासऱ्यांनी सासूबाईंची पोत सोनाराकडे गहाण टाकली होती, दिराने पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं, आणि नवऱ्याने मालकाकडून उचल घेतली होती. एकाच्या पोटासाठी तिघांनी कर्ज काढलं, तेही एकमेकांपासून लपवून!

"आबा, हे काय?"

"कितला पैसा लागतीन, काय माहीत? म्हनीसन आनी ठेवात," सासरे खाली बघत म्हणाले. किती लागतील ठाऊक नाही, म्हणून आणून ठेवले म्हणे! मला राग आला आणि रडूही आलं, कारण माझी अनामतही मी मनातल्या मनात हॉस्पिटलात भरून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन मी पुन्हा जळगाव गाठलं. आकडा लिहून दिल्याशिवाय भरती नाही, असं प्रत्येक हॉस्पिटलच्या काउंटरवर सांगितलं. दोन ठिकाणी हात हलवत बाहेर पडले. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं: सरळ झालं तर एवढे, गुंतागुंत झाली तर एवढे, त्याच्या वर नाही.

मोठा आकडासुद्धा आबांनी एकट्याने आणलेल्या पैशांत बसत होता. घरी येऊन म्हटलं, "तुम्हा तिघांच्या पैशात आख्ख्या गल्लीचे खडे निघाले असते!" दिराचं कर्ज आणि नवऱ्याची उचल त्याच आठवड्यात परत केली.

ऑपरेशन सरळ झालं. बिल लहान आकड्याचंच आलं. उरलेले पैसे सोनाराला दिले, बाकी थोड्या दिवसांत फेडून पोत सोडवली. माझ्या अनामतीला कुणाचा हात लागला नाही.

दुकानाच्या उद्घाटनाला नवरा पोट धरून हसत होता. "हसाडू नको, टाका दुखतस," म्हणाला. मी हसवणं थांबवलं नाही. शटर मीच वर केलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं धाडकन केलं.