चंद्राला समुद्र दाखवायला नेलं तेव्हा

उन्हाळ्यात आमच्या अंगणात चार बायका कुरडया घालायला बसल्या की चीक कमी आणि किस्से जास्त निघतात. नवी माणसं म्हणतात, ह्या म्हाताऱ्या जुळवून सांगतात. जुळवायची गरज काय? घराबाहेर पडावं, तोंड उघडं ठेवावं आणि लाजू नये. किस्से आपोआप मागं लागतात. मला शाळेत कुणी घातलं नाही. दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचून मी अक्षरं शिकले. कुणापुढं गप्प बसायचं असतं, तेवढं शिकायचं राहून गेलं.

तर हे समुद्राचे किस्से. सांगताना आम्ही हसतो. मग एकजण उठून चूल बघायला जाते, चूल पेटवलेली नसली तरी. कारण ती सहल खरी आमची नव्हती. चंद्राची होती.

चंद्रकला आमच्यात सगळ्यात लहान. सासर लातूरकडं, मुरुडजवळच्या खेड्यात. नवरा कोकणात चिऱ्याच्या खाणीवर दगड कापायला गेला आणि तिथून मासेमारीच्या बोटीवर लागला. एके दिवशी फोन आला, बोट परत आली, माणूस पाण्यात पडला, सापडत नाही. शेवटपर्यंत सापडला नाही. दोन दिवाळ्या गेल्यावर भावकी बसली. ठरलं, की दर्भाचा पुतळा करून जाळायचा, दिवस घालायचे आणि हिचं कुंकू पुसायचं.

चंद्रा सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्या पाण्यानं नेलं म्हणता, ते पाणी मला एकदा दाखवा. मग सांगते, पुसायचं का ठेवायचं."

दिराला ते लागलं. ही कुंकवासकट नांदेडला भावाकडं आली आणि आमच्यात पापड लाटायला लागली. तिचं ऐकल्यावर मी म्हणाले, "दाखवते मी तुला समुद्र. त्यात काय एवढं?"

*

जीप ठरवली. रात्रभर प्रवास, दिवसभर समुद्र, की लगेच परत. निघताना प्रयागबाईनं जीपमध्ये पाण्याचे दोन मोठे जार चढवले. ड्रायव्हर माधव म्हणाला, "मावशी, आपण समुद्राला चाललोय. पाणी कशाला?"

"मी लातूरची हाय," प्रयागबाई म्हणाली. "पाण्याशिवाय मी शेजारणीकडंबी जात न्हाई."

माधव हसत हसत घाटापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेतीत उभं राहून, समोर एवढं पाणी असताना, त्यानंच पहिला ग्लास मागितला.

*

रत्नागिरीच्या पुढं एका डोंगरावरून रस्ता वळला आणि खाली समुद्र आला. आमच्या डोळ्यांना गोदावरीची सवय. पूर आला तरी पलीकडचं झाड दिसतं.

प्रयागबाईच्या तोंडून निघालं, "बाई, एवढं रान पडीक ठेवलंय कुणी?"

आम्ही हसलो. विमलबाईनं हात जोडले. विमलबाई म्हणजे सोवळं-ओवळं, वार-उपास सगळं पाठ असलेली बाई. जीपमधून उतरतानासुद्धा तिनं उजवा पाय आधी टाकला.

चंद्रा कठड्याला धरून उभी होती. तिनं माधवला विचारलं, "ह्याला पल्याडचा काठ कुठंय?"

"न्हाई ताई. असा दिसत न्हाई."

"मग शोधायला गेले म्हणत होते, ते कुठपर्यंत गेले?"

माधवनं माझ्याकडं बघितलं. मी चष्मा पुसायला काढला.

*

गणपतीपुळ्याला दर्शन झालं. पुढं एका लहानशा किनाऱ्यावर विमलबाईनं पिशवी उघडली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. नांदेडला आपल्याकडच्या बायका गोदावरीची ओटी भरतात, तशी ही समुद्राची भरणार होती. पाणी म्हटलं की ती आईच, असं आमच्या ह्या नदीकाठच्या बायकांचं पक्कं.

माझ्या सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ओटी-नारळ बंद. मी म्हणाले, मी चपला राखते.

"सवाष्णीनं भरायची असते," विमलबाई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिलाच कळलं आपण काय बोललो. प्रयागबाई वाळूकडं बघायला लागली. चंद्रा दोन पावलं मागं सरकली.

मी तोंड उघडणारच होते. पण त्याआधी विमलबाईनं चंद्राचा दंड धरून तिला पुढं ओढलं. "तू कुठं चालली? पहिली ओंजळ तुझी."

चंद्रानं भरली. मग बाकीच्या दोघींनी. तेवढ्यात जवळ मासे वाळत घालणारी एक बाई कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "अगो बायांनो, काय करताय? दर्या बाप्या हाय आमचा. त्याला नुसता नारळ देतात. बाप्याची ओटी कोण भरतं?"

विमलबाई जागच्या जागी थिजली. "जन्मात परपुरुषाकडं मान वर करून बघितलं न्हाई मी," ती म्हणाली, "आणि आज खण देऊन बसले."

तेवढ्यात लाट आली आणि खण तिच्या पायाशी टाकून गेली.

प्रयागबाई म्हणाली, "बघ, परत केला. सभ्य दिसतोय माणूस."

आम्ही पोट धरून हसलो. चंद्रासुद्धा हसली, तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. हसता हसता म्हणाली, "एवढा सभ्य असता तर..." आणि तिथंच थांबली.

*

खरी गंमत पुढं. जिथं चार होड्या दिसतील तिथं चंद्रा जीप थांबवायला लावायची आणि उतरून विचारायची, "आमच्या ह्यांना बघितलं का?"

"कोणाला?"

"ह्यांना. आमच्या मालकांना."

"नाव काय?"

मग ही आमच्याकडं बघणार. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं हिच्या आईनं सांगितलेलं. होडीवाले बिचारे डोकं खाजवत राहायचे. ज्याचा शोध घ्यायचा त्याचंच नाव सांगायचं नाही, असा शोध जगात आमच्याच जीपनं घेतला असेल.

शेवटी मी जीपमधून ओरडायची, "व्यंकट! व्यंकट नाव हाय त्याचं! उंच हाय, हनुवटीवर व्रण हाय!"

एकदा मी चिडले. म्हणाले, "चंद्रे, मी माझ्या नवऱ्याला भर चौकात नावानं हाक मारायची. तो ऐंशीपर्यंत जगला आणि शेवटपर्यंत मलाच शिव्या देत होता. काय कमी झालं त्याचं?"

विमलबाईनं डोळे मोठे केले. "आक्का, तुमचं येगळं हाय."

चंद्रा एवढंच म्हणाली, "असतील कुठं जिवंत तर माझ्या तोंडानं कशाला कमी करू?"

मी माधववर खेकसले, चल म्हणून.

*

जयगडच्या बाजूला एका धक्क्यावर आम्ही चहा पीत होतो. चंद्रा एकटीच बोटींकडं गेली. तिथल्या माणसानं नाव विचारलं. आम्ही जवळ नाही. मग तिनं आपल्या परीनं खूण सांगितली, "तिरुपतीला देव असतोय ना, त्यांचं नाव."

"बालाजी?" तो म्हणाला. "आहे की आमच्या बोटीवर. लातूर-नांदेडकडचाच आहे. थांबा."

चंद्रा धावत आमच्याकडं आली. पदर खांद्यावर नाही, पायात एकच चप्पल. "आक्का, हाय. हाय म्हणून राहिला तो. बोलवायला गेला."

आम्ही चौघी त्या धक्क्यावर उभ्या. विमलबाईचे ओठ हलत होते. बोटीवरून एक माणूस फळीवर पाय देत खाली आला. दाढीवाला, काळा, बुटका.

बालाजी होता तो. देगलूरकडचा. त्याला वाटलं, घरून कोणी आलं. तोही पळतच आला होता.

तो आणि चंद्रा एकमेकांसमोर उभे राहिले, आणि दोघांचेही चेहरे एकदमच पडले.

मग चंद्रानं पदर सावरला, जीपमधून भाकरीचं फडकं आणलं आणि त्याच्यासमोर सोडलं. ज्वारीची भाकरी बघून तो उकिडवा बसला. ठेच्याबरोबर एक खाल्ली, दुसरी खाल्ली. आम्ही चहा संपवला. कुणी घाई केली नाही.

"पोहायला येतं का रं तुला?" चंद्रानं विचारलं.

"न्हाई ताई. आपल्याकडच्या कुणालाच येत न्हाई. आपल्याकडं कुठंय पाणी?"

"पडल्यावर काय करता?"

तो घास गिळून म्हणाला, "हाक मारतो."

निघताना तो चंद्राच्या पाया पडला. ती त्याच्याहून लहानच असेल.

*

पुढं खाडी ओलांडायला जीपसकट मोठ्या बोटीत चढायचं होतं. माधवनं जीप आत घातली आणि आम्ही उतरून कडेला उभ्या राहिलो. विमलबाई उतरेना. काच वर करून, डोळे मिटून आत बसली.

मी काचेवर टकटक केलं. "विमल, बोट बुडाली तर?"

"बुडू दे. मी जीपमधी हाय."

एरवी ह्यावर आम्ही महिनाभर हसलो असतो. पण चंद्रा शेजारीच उभी, म्हणून सगळ्यांनी हसू दाबलं. तिनं आमच्याकडं बघितलं, आणि तीच आधी हसली. "ह्यांनाबी एक जीप द्यायला पायजे होती," ती म्हणाली.

प्रयागबाईनं तिला जवळ घेतलं. पलीकडचा किनारा येईपर्यंत सोडलं नाही.

*

शेवटचं गुहागर. लांबच लांब वाळू, मागं सुरूची झाडं, ऊन उतरलेलं. सहलीची माणसं भेळ खात होती, लेकरं वाळूत खड्डे करत होती. आम्ही चौघी पाय पसरून बसलो.

तेवढ्यात चंद्राच्या फोनवर दीर. तिनं स्क्रीन बघितली आणि फोन माझ्या हातात दिला.

"बघितला का समुद्र?" तो पलीकडून म्हणाला. "काय ठरलं मग? आम्हाला पुढच्या तयारीला लागायचंय."

"अजून बघून राहिलोय," मी म्हणाले. "तुझ्या दारातला हौद न्हाई हा, एका नजरेत संपायला."

"तुम्ही कोण?"

"तिला हितं आणणारी. दोन वर्षांत तुमच्यातलं एकजण तरी हितवर आलं का रे बघायला?"

त्यानं फोन ठेवला. कुणाला गप्प केलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

माधवनं लांबून हॉर्न दिला. सकाळी प्रयागबाईच्या नातीची शाळा, विमलबाईकडं पाहुणे. निघायला हवं होतं. दोघी साड्यांची वाळू झाडत उठल्या. चंद्रा मात्र जीपकडं न जाता पाण्याकडं चालायला लागली. मी मागून गेले. ह्या वयात वाळूत पळता येत नाही, पण मी पळाले, कारण माझ्या मनात भलतंच आलं होतं.

ती घोट्याएवढ्या पाण्यात थांबली. मी दोन हातांवर. लाट यायची आणि परत जाताना आमच्या पायाखालची वाळू घेऊन जायची. एक होडी लांबून किनाऱ्याकडं येत होती. ती जवळ आली, त्यातली माणसं दिसायला लागली, ती उतरली, जाळं काढून घेऊन गेली. चंद्रानं प्रत्येकाचं तोंड बघितलं.

मग ती समोर बघून म्हणाली, "व्यंकट."

माझ्या मागं विमलबाई कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"व्यंकट," चंद्रा मोठ्यानं म्हणाली. बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारतात तशी, लांबवून. भेळ खाणाऱ्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. वारा होता. तिनं वारा पडेपर्यंत वाट बघितली.

मग पदर डोक्यावरून घेतला, साडीचा ओला काठ पिळला.

"जाते मी," पाण्याकडं बघून म्हणाली. येते म्हणाली नाही.