मंदाताई आणि हिरवं कापड

मंदाताई आधी टेबलाला हात लावत, मग माणसांशी बोलत. तारापूरच्या आमच्या कापड कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत करमणुकीच्या खोलीत जावं, तर त्या पूल टेबलावर ओणव्या होऊन, डोळे मिटून, हिरव्या कापडावरून तळहात नेत असायच्या. झरोक्यातून ऊन उतरलेलं, पंखा संथ फिरत असलेला. मी प्रयोगशाळेत नवी लागले होते. मी खेळायची काठी, क्यू, उचलली तशी त्या म्हणाल्या, "थांब, बाय. कापडाची लव विस्कटलीय. बॉल सरळ जायचा नाय."

त्या स्वतः खेळत नसत. जवळच्याच माहीम गावात विड्याच्या पानांच्या वाडीत त्यांचं घर होतं, तिथून रोज यायच्या, आणि तीस वर्षं कापड तपासणीच्या खात्यात होत्या. धाग्यातली गाठ डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळे. टेबलाची देखभाल कुणी सांगितली नव्हती. तिथे कापड आहे, एवढं त्यांना पुरे होतं. मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवायच्या आणि बॉल ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायच्या.

खेळ मला त्यांनीच शिकवला. हाताने बॉल हळूच सोडून म्हणायच्या, "बघ, शेवटाला कसा कलला. जोरात मारलास का त्याला लव कळत नाय. हळू सोडलास का ती त्याला बाजूला नेते." हवा दमट असली की, "आज दर्याचा वारा हाय. कापड पाणी प्यालंय, बॉल दमणार." आणि क्यूच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूचा बॉलवरचा ठिपका दाखवून, "हा मधी आला का दोन बॉल एकमेकांना चिकटल्यासारखे होतात. मग नेम कितीबी खरा असू दे." त्या बोलत असताना बाहेरच्या यंत्रांची घरघर लांब कुठेतरी गेल्यासारखी वाटे.

त्या वर्षी कारखान्याच्या स्पर्धेत मी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. समोर बॉयलरवरचे यादवजी. शेवटी काळा बॉल तेवढा उरला, तो पॉकेटमध्ये घालेल तो जिंकणार. पाळी त्यांची. सोपा फटका होता. पण पांढरा बॉल लागताच काळा किंचित उडाला, भलतीकडे वळला आणि पॉकेटच्या तोंडाशी थांबला. आता मला तो नुसता ढकलायचा होता. मी वाकले.

"थांबा," मागून मंदाताईंचा आवाज आला. त्यांनी काळा बॉल उचलून सगळ्यांना दाखवला. "खडू लागलाय. मी आज तपासणीत अडकले, बॉल पुसले नायत. यादवजींचा नेम बरोबर होता. त्यांना परत मारू द्या."

"रहने दो ताई, खेल में होता है," यादवजी म्हणाले. ताईंनी ऐकलं नाही. दोन्ही बॉल पुसून फटक्याआधी होते तिथे ठेवले. यादवजींनी काळा सहज घातला.

आठ दिवस मी मंदाताईंशी बोलले नाही. मग रविवारी न राहवून माहीमला गेले. पानवेलींच्या हिरव्या अंधारात त्या पानं खुडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणाला कळणार होतं?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "यादवजी नेम धरत होते तवा तुला खडू दिसला होता ना, बाय? त्या बॉलकडं बघून तू मान वळवलीस. मी तुझ्याकडंच बघत होते."

वेलीतून उन्हाचे कवडसे त्यांच्या मांडीवरच्या पानांवर हलत होते.

"तू हरलीस म्हणून मला दोन दिवस जेवण गेलं नाय," त्या म्हणाल्या. "पण जिंकली असतीस तर पुढं माझ्या डोळ्यांत बघितलं नसतंस."

सोमवारी मी बॉयलरपाशी गेले आणि यादवजींना सगळं सांगितलं. खडू दिसला होता, हेही. ते घाम पुसत म्हणाले, "तो आज फिर एक बाज़ी हो जाए?"

त्या दुपारी आम्ही पुन्हा खेळलो, आणि मी पुन्हा हरले. मंदाताई गेल्याचं मागच्या वर्षी कळलं, तेव्हा तीच दुपार डोळ्यांसमोर आली. एरवी टेबल नीट झालं की निघून जाणाऱ्या ताई त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्यांनी शेवटपर्यंत सगळा खेळ पाहिला.