देसाकबाईंच्या भिंतीवरचे दोरे

सकाळची फुलांची ताटं देवाला ठेवून झाली, आता देसाकबाईंबद्दल लिहिते.

बाई आमच्या गावच्या शाळेत सातवीला गणित शिकवतात. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं. जीभ तिखट. बाजारात कुणी "नारळ मोठा आहे" म्हटलं की विचारणार, "कशाच्या मानाने?" भाजीवाल्या हसतात त्यांना.

भूकंपात आमच्या अंगणातला पूर्वेचा लाकडी मंडप पडला. नवा बांधायचा तर घरच्या कर्त्या माणसाचं माप लागतं. त्याच्या पसरलेल्या हातांएवढी बांबूची काठी कापतात आणि खांब, तुळया सगळं त्या काठीवरून काढतात. आमचे हे माडावरून पडल्यापासून त्यांचे दोन्ही हात वाकडेच आहेत, पसरत नाहीत. धाकटे दीर न्योमान म्हणाले, "माझे हात आहेत की!" पण मग मंडप त्यांचा झाला असता. हे भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

"यांचे हात कोपरापर्यंत, मग पुढे, असे जोडून जोडून मोजता येतील का?" मी सुतार म्राताकाकांना विचारलं.

"माणूस तुकड्यांनी मोजत नाहीत, पोरी."

माझी मधली मुलगी कादेक सातवीतच आहे. तिने शाळेत हे सांगितलं, तर बाईंनी मला, माझ्या तिन्ही मुलांना, न्योमानना आणि म्राताकाकांना वर्गात बोलावून घेतलं.

वर्गातल्या पोरांनी भिंतीच्या कोपऱ्यापासून टाचेला अंगठा लावत आपापली पाच पावलं मोजून खूण केली होती आणि तिथे आपल्या पसरलेल्या हातांएवढा दोरा जमिनीपासून वर उभा चिकटवला होता. माझ्या मुलांचे दोरेही लावले. मग बाईंनी कोपऱ्याच्या तळातून एक सुतळी थोरल्याच्या दोऱ्याच्या वरच्या टोकापर्यंत ताणली. ती कादेकच्या टोकाला टेकली, पहिलीतल्या धाकट्याच्याही! शेजारच्या भावंडांची सुतळी जरा वरून गेली, पण तीही सरळच. माझे हात आपोआप जोडले गेले. पाय आणि हात घडवताना देवाने एका घराला एकच प्रमाण धरलं होतं, आणि ते मला डोळ्यांनी दिसत होतं.

न्योमान म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? कादेकच्या मापात वीतभर घाला."

"घाल," बाई म्हणाल्या. "थोरल्याच्या मापातही वीतभर घाल. दोन वेगळे बाप निघतील, त्यातला कुठला घेऊ?"

सगळा वर्ग खिदळला.

बाईंच्या सांगण्यावरून यांच्या पावलाचं माप मी आणलंच होतं. पाच पावलांवर खूण केली, सुतळी तशीच सरळ पुढे ताणली आणि खुणेपासून सरळ वर सुतळीपर्यंत दोरा धरला. म्राताकाका म्हणाले, "मी तरी दुसरं काय करतो? एका काठीतून अख्खं घर काढतो." त्यांनी दोरा घेतला, घरात जीव राहावा म्हणून रीतीप्रमाणे बोटभर वाढवून बांबू कापला.

बाईंसह सगळे घरी आलो आणि म्राताकाकांनी तो यांच्या पाठीमागून खांद्यांवर आडवा धरला. यांनी मान वळवून एक टोक पाहिलं, मग दुसरं.

"मी एवढा होतो?"

"आहात," बाई म्हणाल्या. "हलू नका."

हे मग म्राताकाकांना म्हणाले, "पायऱ्या पश्चिमेकडून घ्या. आणि खांब फणसाचेच हवेत, सांगून ठेवतो."