डाव्या चाकाचा नट

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धुळ्याच्या बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. तरुणपणी त्यांना ड्रायव्हर व्हायचं होतं. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. त्यातले आकडे काही त्यांना दिसले नाहीत. तांबडा आणि हिरवा त्यांना वेगळा कळत नाही, हे त्यांना स्वतःलाही त्या दिवशीच समजलं. मग त्यांच्या हाती स्टिअरिंगऐवजी पाना आला आणि निवृत्त होईपर्यंत तोच राहिला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझा धाकटा भाऊ आखातात नोकरीला लागला. पहिल्या रजेवर आला तेव्हा त्यानं आबांसाठी एक खेळणं आणलं. रिमोटवर चालणारा ट्रक, हातभर लांबीचा, मागे उघडा हौदा, काळे जाड रबरी टायर. आई म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला कुणी खेळणं आणतं का?" भाऊ म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या त्यांनी. आता एक चालवू दे."

 दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात खुर्ची टाकून, रिमोट मांडीवर घेऊन बसले. ट्रक तुळशीभोवती फिरवला, ओट्याच्या पायरीपर्यंत नेला, रिव्हर्स घेऊन परत आणला. रिव्हर्स घेताना ते स्वतः मान वळवून मागे बघत होते. आम्ही दोघं भावंडं दारात उभी राहून हसलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मी तेव्हा जळगावला एका शाळेत शास्त्र शिकवत होते. जुन्या गावात एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहत होते. आबांना हे पसंत नव्हतं. भांडण असं कधी झालं नाही. नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "धुळ्याला काय शाळा नहीत?" त्याला चार वर्षं झाली होती. मी महिन्यातून एकदा धुळ्याला जायचे, ते मात्र एकदाही जळगावला आले नव्हते.

भाऊ परत गेल्यावर महिन्याभरानं, दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, मी घरी गेले. अंगणात ट्रक दिसला नाही. आबा पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले तर आईनं हळूच सांगितलं, "तेस्ले काही विचारू नको. गाडी बिघडनी."

झालं होतं असं. थंडीच्या आधी आईनं गाद्या पिंजायला पिंजाऱ्याला बोलावलं होतं. दिवसभर अंगणात कापूस उडत होता आणि आबांनी त्यातूनच ट्रक चालवला. कापसाचे पुंजके आणि गादी शिवायचा दोरा पुढच्या डाव्या चाकामागे गुंडाळला गेला. चाक अडकलं, मोटर नुसती घूं घूं करायला लागली. चाक काढून कापूस साफ करायचा, एवढंच काम. ज्या माणसानं हजारो बसची चाकं काढली त्याच्यासाठी ते काम म्हणजे काहीच नव्हतं.

पण नट निघेना. तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्या मापाचा पाना घरात नव्हता, म्हणून आबांनी पक्कड लावली. जोर लावला, पक्कड सटकली. परत लावली, परत सटकली. शेवटी नटाच्या सहाही कडा झिजून तो गोल झाला आणि पकडायलाच काही उरलं नाही. त्यांनी ट्रक जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. त्याला दोन आठवडे झाले होते.

मी ट्रंक उघडली, ट्रक बाहेर काढला. आबांनी पेपर खाली घेतला.

"राहू दे," ते म्हणाले.

"आबा, तापवून बघू का? उष्णतेनं नट प्रसरण पावतो, सैल होतो."

"आणि पिलास्टिकचं चाक?"

 शास्त्राची शिक्षिका होते, पण नटाभोवती काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं. पक्कड मीही लावून बघितली, गुळगुळीत मण्यावरून सटकावी तशी ती सटकली. मग मला आमच्या जळगावच्या घराच्या तळमजल्यावरचे सोनारकाका आठवले. ते स्वतःची पेढी नसलेले कारागीर होते, दुसऱ्यांच्या दुकानांचं काम घरी आणून करायचे. साखळीच्या कड्या जोडणं, खडे बसवणं असलं बारीक काम.

"मी हा जळगावला घेऊन जाते. आमच्याकडे खाली एक सोनार आहेत," मी म्हटलं.

"सोनार नट काढेल?" आबा हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. पण रविवारी सकाळी मी पिशवी भरत होते तेव्हा ते धुतलेला सदरा घालून, चपला पायात सरकवून दारात उभे होते.

"मी बी येतो. तो काय करस ते तरी पाहतो."

पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोचेपर्यंत त्यांनी ट्रकची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. बोललेही फारसे नाहीत. एकदाच, ड्रायव्हरनं गिअर करकरवला तेव्हा म्हणाले, "क्लच पूर्ण दाबत नही तो."

सोनारकाका जेवून नुकतेच बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, अंगानं बारीक. मी ओळख करून दिली. त्यांनी आबांना बसायला पाट दिला, ट्रक हातात घेतला आणि उठून बाहेरच्या ओट्यावर गेले.

"आत नको. लोखंडाचा कीस सोन्यात गेला तर माझी पंचाईत," ते म्हणाले.

ओट्यावर ऊन होतं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि तो डावा नट बराच वेळ पाहिला. मग ट्रक फिरवून बाकीच्या तीन चाकांचे नट पाहिले. परत डावा पाहिला. आबा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, दवाखान्यात डॉक्टरकडे बघावं तसे.

"आबा, एक विचारू?" काका म्हणाले. "तुम्ही हा कोणत्या बाजूला फिरवला?"

"कोणत्या म्हणजे? डावं चाक आहे. उलट्या आट्याचा नट. आपण नेहमी फिरवतो त्याच्या विरुद्ध बाजूला."

काकांना हे कळलं नाही, मलाही नाही. आबांनी समजावून सांगितलं. त्यांच्या बसगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. उजवीकडचे नट सरळ, डावीकडचे उलटे. नवीन पोरगा कामावर आला की आबा पहिल्या दिवशी त्याला हेच सांगायचे.

काकांनी मान हलवली आणि भिंग आबांच्या हाती दिलं. "आता तुम्हीच बघा. या तीन चाकांत दांड्याचं टोक नटाच्या बाहेर जेमतेम दिसतंय. या पुढच्या डाव्यात बघा, दोन आटे बाहेर आलेत."

आबांनी भिंग लावलं. आधी एक चाक पाहिलं, मग दुसरं. मला तोवर कळलं होतं. नट बाहेर आलाच नव्हता, तो आत गेला होता. या ट्रकच्या चारही चाकांचे आटे सरळच होते. आबांनी तीस वर्षांच्या सवयीनं, सगळी ताकद लावून, तो काढण्याऐवजी आवळला होता.

 मला वाटलं, आबा आता उठतील आणि बस स्टँडचा रस्ता धरतील. भिंग डोळ्यावरून काढून त्यांनी ते सदऱ्याच्या टोकानं पुसलं.

"मन्हीच चूक शे," ते म्हणाले. कुणासमोरही त्यांनी असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"चूक कसली?" काका म्हणाले. "मी इतकी वर्षं सोनं तापवतोय. उद्या कुणी चूल पेटवायला सांगितली तर सवयीनं सोन्यावर मारतो तशीच फुंकर मारेन आणि राख सगळ्या घरात उडवेन."

आबा हसले, आणि या वेळी चांगलं हसले.

मग काकांनी बारीक कानस काढली. चाकाखाली कापडाची घडी ठेवली आणि नटाच्या गोल झालेल्या कडेवर ती कानस हळूहळू चालवायला लागले. जोर अजिबात नव्हता. दहा-बारा वेळा घासायचं, फुंकर मारायची, भिंगातून बघायचं. एका बाजूनं नट सपाट झाला. मग बरोबर समोरची बाजू. आबा पुढे वाकून पाहत होते, हात गुडघ्यांवर घट्ट धरून. अर्धा तास गेला असेल. मी चहा करून आणला, तो दोघांचाही निवला.

दोन्ही बाजू सपाट झाल्यावर काकांनी चपट्या तोंडाची छोटी पक्कड त्यावर बसवून पाहिली. घट्ट बसली. त्यांनी ती तशीच आबांपुढे केली.

"काढा तुम्हीच. गाडी तुमची."

आबांनी एका हातात चाक धरलं, दुसऱ्या हातात पक्कड. त्यांचं मनगट आधी जुन्याच बाजूला वळायला लागलं. काका बघत होते. आबा थांबले. पक्कड परत सरळ केली, श्वास घेतला आणि दुसऱ्या बाजूला जोर दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. कट्ट असा बारीक आवाज आला आणि नट फिरला.

चाक निघालं. मागे कापसाचा गच्च बोळा आणि आईचा हिरवा दोरा. आबांना तो हिरवा दिसत नव्हता. त्यांनी मला विचारलं, "कोणता रंग?" मी सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे तुन्ही मायनाच."

तोच नट त्यांनी परत लावला, अगदी हलक्या हातानं. गल्लीत ट्रक सोडला तेव्हा शेजारचे दोघं-तिघं जमले. दोन फेऱ्या झाल्यावर आबांनी रिमोट काकांना दिला. इतक्या बारीक कामाचा माणूस, पण त्यांनी ट्रक सरळ गटाराच्या काठावर नेला आणि घाबरून रिमोटच वर धरला. आबांनी धावत जाऊन ट्रक उचलला.

संध्याकाळच्या बसनं परतायचं म्हणत होते, पण मी भरीत केलं आणि कळण्याची भाकरी टाकली, तेव्हा जेवायला वर आले. खिडक्या बघितल्या, कडी बघितली, नळाला पाणी किती वेळ येतं विचारलं. "खोल्या चांगल्या आहेत," म्हणाले. त्या दिवशी ते राहिले.

पुढच्या महिन्यात ते पत्र न पाठवता आले. सोबत पान्यांची पिशवी होती. सोनारकाकांचं सोन्याचा पत्रा लाटायचं हातयंत्र जड फिरतं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत पाहून ठेवलं होतं. मी शाळेतून आले तर ओट्यावर ते यंत्र सुटं करून पसरलेलं, आबांचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे, आणि काका शेजारी बसून एकेक भाग कापडानं पुसत होते. आबा त्यांना रागावून सांगत होते, "तेल नाही टाकायचं इथं, ग्रीस टाकायचं. कितीदा सांगू?" मी त्यांना ओलांडून जिना चढले आणि तिघांचा चहा ठेवला.