कोनशिलेखालचा सांधा

कडूबा रोज पहिल्या एसटीनं फुलंब्रीहून उस्मानपुऱ्यात येतो आणि आमच्या कॉलनीचे नळ सांभाळतो. त्याच्या जगात सगळ्याला सांधे. पाइपाला, चौकटीला, गुडघ्याला, दोन भाऊ वेगळे निघाले तरी म्हणणार, "सांधा सुटला त्यांचा." त्याचा स्वतःचा गुडघा कधीच कामातून गेलाय. पण तीस वर्षांत त्यानं बसवलेला पाइपाचा सांधा गळला नाही, आणि त्या नावावरच त्याचं पोट चालतं.

त्याचा एकच नियम: सांध्यातून एकदा पाणी गेल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही.

यंदा कॉलनीत नवी लाइन पडली. पाणी यायला पाच दिवस होते, पण उद्घाटनाचे पाहुणे उद्याच येणार होते. त्यामुळे अध्यक्ष पुंजारामभाऊंनी खड्डा बुजवून वर कोनशिला उभी केली. तिच्यावर अध्यक्षांपासून फटाके आणणाऱ्यापर्यंत अकरा नावं. कडूबाचं नव्हतं, त्यानं नुसतं काम केलं होतं.

"भाऊ, आधी पाणी तर येऊ द्या," तो म्हणाला.

"कडूबा, शुभकार्यात मोडता घालू नको."

पाचव्या दिवशी पाणी आलं ते कोनशिलेच्या बुडातून. शेजारच्या वच्छलाबाई रिकामा हंडा घेऊन उभ्या, आणि अकराच्या अकरा जणांनी निकाल दिला: कडूबाचा सांधा गळला. त्यांत नववा मी, कॉलनीचा सहसचिव. नियम मला पाठ होता, तरी मान डोलावली.

कडूबा गुडघा धरून खाली बसला. "फोडतो. सांधा माझा गळला असंल तर पुन्हा उस्मानपुऱ्यात पाय ठेवणार नाय."

शिला दुभंगली. त्यानं चिखल उपसला. सांधा जागच्या जागी, घट्ट. वीतभर पलीकडं मात्र कोनशिलेच्या आधाराला ठोकलेली सळई पाइपातून आरपार गेली होती. तासाभरात पाइप दुरुस्त झाला, हंडा भरला.

"बरं, शिला तेवढी सांधून दे," पुंजारामभाऊ म्हणाले.

"ते काम मला येत नाय, भाऊ."

शिलेचा अर्धा तुकडा वच्छलाबाईंनी मोरीवर नेलाय. माझं नाव त्याच तुकड्यावर आहे. रोज सकाळी त्या त्यावर धुणं आपटतात. मला ऐकू येतं, लाजही वाटते, पण तुकडा परत मागायची माझी हिंमत नाही.