काशीराम गुरुजींचा एक वाचक

काशीराम गुरुजी तळेकोंडच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. गाव त्यांचंच, लांज्याच्या पुढे डोंगरात. गावाच्या वर देवाच्या नावाने राखलेली जुनी राई होती. तिला कधी कुऱ्हाड लागली नव्हती. गुरुजींचे वडील देवळापुढे ढोल वाजवायचे, पण राईच्या कडेला पुरलेल्या चिऱ्यापलीकडे पाऊल टाकायची त्यांना मुभा नव्हती. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली. पुढे त्यांची वाडी बौद्ध झाली, ढोल बंद झाला. मास्तरकी लागल्यावर काशीराम एका दुपारी एकटेच चिरा ओलांडून आत गेले. बाहेर कातळ तापला होता, आत ऊन पोचत नव्हतं. मांडीएवढे गारंबीचे वेल, चौघांच्या कवेत न मावणारा बेहडा, आणि त्याच्या मुळाशी झरा. वडिलांना हे कधीच बघायला मिळालं नाही, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

तिथून नाद लागला. सुट्टी पडली की एस.टी.ने जाता येईल तिथवर एस.टी.ने, पुढे पायी, ते जिल्ह्यातल्या राया बघत हिंडायचे. पुष्कळदा ते पोचायच्या आत राई गेलेली असायची. देवळाला स्लॅब घालायचा म्हणून गावानेच तोडलेली. उरलेल्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'राहिलेली राई'. १९८४ साली ते रत्नागिरीत छापून झालं. तळेकोंडच्या राईबद्दल मात्र त्यांनी त्यात एक ओळही घातली नाही. तिच्यापर्यंत ट्रक जाईल असा रस्ता नुकताच झाला होता.

रत्नागिरीच्या एका वाचनालयाने पुस्तकावर चर्चा ठेवली. गुरुजी धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. अध्यक्ष एक प्राध्यापक होते. ते म्हणाले, "लेखकाला झाडांची नावं येतात, वाक्यं येत नाहीत." लोक हसले. मग एक बाई उठल्या. पुस्तक वाचताना शाळेचं हजेरीपत्रक वाचल्यासारखं वाटतं, असं त्यांचं मत पडलं. पुन्हा लोक हसले. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "देव सोडलेल्या माणसाला देवराईचा एवढा पुळका कशाला?" यावर कुणी हसलं नाही आणि कुणी त्याला गप्पही केलं नाही. चहाच्या वेळी विक्रीसाठी मांडलेल्या प्रतींवरच पोऱ्याने ग्लासांचा ट्रे टेकवला.

वाडीतही तेच झालं. चुलतभाऊ भिवा गिरणी संपात नोकरी गमावून घरी बसला होता. त्याने चार पानं चाळून पुस्तक परत केलं. म्हणाला, "आपल्या बापाला जिनं आत घेतलं नाय, तिच्यासाठी रडतोस तू. ह्याच्यापेक्षा वाडीच्या पायवाटेवर लिवलं असतंस तर बरं." गुरुजींनी पुस्तक पिशवीत घातलं. भिवाचं खोटं नव्हतं. त्यांची बायको नंदा तेवढी म्हणाली की पुस्तक छान आहे. पण तिला वाचता येत नव्हतं.

पावसाळा सरता सरता महिपत आला. हातखंब्याला त्याची लाकडाची वखार होती, पण ते त्याने सांगितलं नाही. हातखंब्याचा आहे, पुस्तक वाचून भेटायला आलोय, एवढंच म्हणाला. काखेतलं पुस्तक वापरून मऊ झालेलं, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. अमक्या राईतला ऐन अजून उभा आहे का, तमक्या गावी ओढ्यावरून गाडी जाते का, असं तो एकेक विचारत होता. एवढं मन लावून आजवर कुणी वाचलं नव्हतं. गुरुजींनी नंदाला पुन्हा चहा ठेवायला लावला. बोलता बोलता महिपत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या स्वतःच्या गावचंच काही दिसलं नाही पुस्तकात."

गुरुजी उठले, चपला घातल्या आणि त्याला घेऊन वर गेले. चिरा ओलांडला. बेहडा दाखवला, किंजळ दाखवली. कुठलं झाड किती जुनं असेल तेही सांगितलं. महिपत प्रत्येक खोडावर थाप मारून बघत होता. त्याला झाडांची माया आहे, असं गुरुजींना वाटलं. परतल्यावर त्याने पुस्तकावर सही मागितली. गुरुजींनी लिहिलं, 'माझ्या खऱ्या वाचकास'.

मार्गशीर्षात गावचा मानकरी, गावकार आप्पाने देवळात बैठक घेतली. जुनं कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, त्याचा भार राई उचलेल, असं ठरलं. देवाला कौल लावला, तोही मिळाला. महिपतची माणसं आली आणि शिमग्याच्या आत वरचा डोंगर बोडका झाला. गुरुजी आप्पाकडे गेले तेव्हा तो ओटीवरून उठला नाही.

"आमका काय ठावं आत काय हाय नि काय नाय," आप्पा म्हणाला. "तूच फिरवलंस त्याला. आता आमच्या देवाचं बोलायला आलास?"

गावभर हेच झालं. राई विकली गावाने, पण घालवली काशीराम मास्तराने. ज्यांनी बैठकीत माना डोलावल्या होत्या, तेही मुलांना सांगू लागले की मास्तराच्या शिवण्याने देव कोपला आणि निघून गेला. काहींनी पोरं शाळेतून काढून दुसऱ्या गावी घातली.

गुरुजी हातखंब्याच्या वखारीत गेले. महिपतने खुर्ची पुसून दिली. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. "तुमच्याइतकं मायेनं कुणी लिहिलं नाही, गुरुजी. वाचलं की झाड समोर उभं राहतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, पुस्तकाचा राजापूरकडचा भाग कधी काढताय? गुरुजी उठून बाहेर पडले. मागे करवत सुरूच होती.

एप्रिलमध्ये बौद्धवाडीची विहीर आटली. आजवर ती कधी आटली नव्हती. तिला पाणी राईतल्या झऱ्याचं यायचं, आणि झरा आता दगडगोट्यांत जिरला होता. गावकारवाडीत पंचायतीची नवी बोअर होती, पण तिथे वाडीच्या बायकांना शेवटी उभं राहावं लागे, तेही कुणी हो म्हणालं तर. गुरुजींची आई कमलाबाई सत्तरीची. ती उताराने नदीच्या कोंडीवर, खोल डोहावर, जायची आणि हंडा डोक्यावर घेऊन मध्येच बसायची. एकदा गुरुजींनी तिथे जाऊन तिचा हंडा घेतला.

तिने दम खाल्ला आणि विचारलं, "विहिरीचं पानी राईतनं येतं, ह्ये लिवलं व्हतंस काय रं पुस्तकात?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मंग काय लिवलंस?"

गुरुजी हंडा घेऊन पुढे चालू लागले. वाडीतल्या आणखी तीन घरांचं पाणी आणायचं त्यांनी अंगावर घेतलं होतं. भिवा पायवाटेवरच्या दरडीवर बसून बघत होता, त्याने हंड्याला हात लावला नाही.